काळ्या पट्टीला पांढरा दोरा

— नाही, तिथं नको, त्या खुर्चीवर बसा, दिवाणावर राजरत्नची पुस्तकं आहेत. आणि काकू म्हणू नका, दिपेश सर, मॅडम म्हणा. मीही शिक्षिकाच आहे. हळू बोला तेवढं. हे आत झोपलेत, गोळी घेऊन. हां, तर तुम्ही म्हणत होतात की त्या दिवशी फोन तुम्हीच केलात. माहितीये की. बुधवार होता. शाळा लवकर सुटली म्हणून मी दोनलाच घरी आलेले आणि वाल सोलत बसले होते. मोड आलेले वाल गरम पाण्यात टाकायचे, एकेक बोटांत दाबायचा — राजरत्नला डाळिंब्या आवडायच्या. हात बुळबुळीत, म्हणून फोन वाजू दिला. दोनदा. तिसऱ्यांदा पदराला हात पुसून उचलला. काय म्हणालात आठवतंय? ‘थोडं लागलंय, मॅडम.’ थोडं. त्या दिवशी बरोबर मॅडम म्हणालात. मग मी काय केलं — वालांवर ताट झाकलं, साडी बदलली, त्याचं आधार कार्ड शोधलं, आणि थोडंच लागलंय तर खाईल म्हणून पर्समध्ये बिस्किटांचा पुडा टाकला. डोंबिवलीपासून कल्याणच्या हॉस्पिटलपर्यंत रिक्षात तो पुडा माझ्या मांडीवर. तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं ना? नुसती मान हलवू नका, मला वर्गातही नुसती मान चालत नाही.

पाणी घ्या. तो कागद असू दे हातातच, मी वाचलाय. तुम्ही बूट काढत होतात तेवढ्यात वाचून झाला. ‘यंत्राच्या बटणावरील सदर पट्टी विद्यार्थ्याने घरून शिवून आणली होती.’ खाली माझी सही हवी. सोमवारी चौकशी समिती बसणार, आणि माझी सही नसली तर ते म्हणणार की यंत्राचं बटण तुम्हीच बांधून ठेवलं होतं. आणि तुम्ही अकरा महिन्यांच्या करारावर. समजलं. मुलगी सात महिन्यांची, हेही समजलं, तुम्ही जिन्यातच सांगितलंत. तिला मध्ये आणू नका. घरून शिवून आणली — कुणी सांगितलं तुम्हाला? राजरत्न म्हणाला, आईनं शिवली? कुणासमोर म्हणाला? तुमच्या एकट्यासमोर. मग आता साक्षीला कोण? तुम्ही एकटे. बघा म्हणजे.

नको, फोटो नको. मोबाइल खिशात ठेवा. मला पट्टी बघायची नाही. तुम्ही मला यंत्राचं सांगा — नाही, सांगाच, एवढ्या लांबून आलात. तुमच्या लॅबमध्ये रोबोटचा तो हात कुंपणाच्या आत. बाहेर मुलगा, त्याच्या हातात तो डबा, पेंडंट का काय, आणि डब्याच्या मागं बटण. अर्धं दाबून धरायचं. धरलं तर यंत्र हलतं, सोडलं की थांबतं. घाबरून आवळलं तरी थांबतं. बरोबर? किती साधी गोष्ट आहे. माणूस घाबरला तर तो दोनच गोष्टी करतो, सोडतो नाहीतर आवळतो — ज्यानं बनवलं त्याला माणसं माहीत होती. आणि तुम्ही वर्षभर त्यावर रबरबँड लावत होतात. का? वीस मुलं, तीन यंत्रं, मुलांची बोटं दुखतात, मध्येच सुटतं, पुन्हा पहिल्यापासून — प्रॅक्टिकल पुरं होत नाही, जर्नलवर सह्या होत नाहीत. मलाही पोर्शन पुरा करायचा असतो, सर. तुमचं खोटं आहे असं मी कुठं म्हणते? राजरत्न यंत्राचं टोक कुठं टेकतंय ते नीट दिसावं म्हणून कुंपणाच्या आत गेला, यंत्राचा हात फिरून आला, त्यानं डबा टाकला आणि दोन्ही हात पुढं केले. डबा टाकल्यावर थांबायला हवं होतं. यंत्राच्या हाताला कसं कळणार, डब्याला काळं इलॅस्टिक आहे, दोन बोटं रुंद, टोकाला हुक, पांढऱ्या दोऱ्यानं दुहेरी टीप —

काय बघताय असं? फोटो मी पाहिला नाही, बरोबर आहे.

शिलाई मशीनकडं बघू नका. प्रत्येक घरात असतं. — बरं. बघा. काळा दोरा संपला होता. गॅदरिंगला मुलांच्या कोळीनाचाला आणलेलं इलॅस्टिक उरलं होतं, त्यातलं घेतलं. आता हे ऐकायला तुम्ही एकटेच आहात, आणि तुमचं एकट्याचं कुणी ऐकणार नाही, म्हणून सांगते. मागच्या महिन्यात म्हणाला, आई, रबरबँड तुटतात गं, सर म्हणाले घरून काहीतरी चांगलं करून आणा. मी विचारलं, बटण सोडलं की काय होतं? म्हणाला, थांबतं. मग बांधल्यावर? हसला. म्हणाला, मी काढून टाकतो रोज, तर सर ओरडतात. तीस वर्षं विज्ञान शिकवते मी, दिपेश सर. मला तेव्हाच कळलं. इथंच, याच खुर्चीवर, मला सगळं कळलं होतं. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, सर सांगतात तर त्यांना कळत असेल, त्यांच्या शब्दापुढं जाऊ नकोस, जर्नलवर सही घे आणि मोकळा हो. आमच्या घरात हेच चालत आलंय. माझ्या वडिलांना शाळेत कुणी आत घेत नव्हतं. एका मास्तरांनी घेतलं. तेव्हापासून आमच्याकडं मास्तर चुकत नाही. मापाला डबा नव्हता, म्हणून त्याच्या हातात कंपासपेटी दिली. धर, म्हटलं, नेहमीसारखी धर. त्यानं धरली. दुसऱ्या दिवशी खूश होऊन आला — आई, सर म्हणाले, एकदम मस्त बसली.

तुम्ही म्हणालात ना तसं? म्हणालातच. रडू नका, पुसा ते. आत झोपलेत त्यांना त्या पट्टीचं काही माहीत नाही, आणि तुमच्याकडून कळणार नाही. तुम्ही सांगितलंत तर मी म्हणेन, नोकरी वाचवायला पोरगा मेलेल्या घरात येऊन खोटं बोलतोय. यांना ते पटेल. समितीलाही पटेल. मी रडणारी आई आहे, तुम्ही करारावरचे सर. सोमवारी मला बोलावलंय, मी इस्त्रीची साडी नेसून येईन आणि सांगेन, मला यंत्रातलं काही कळत नाही.

अर्धं खरं सांगितलंत तर? की तुम्ही आणायला लावली? मग ते विचारतील, शिवली कुणी. तेवढ्यासाठीच तर आलात. नाही, सर. तुम्ही एकटे घेऊन जा हे ओझं. तुम्ही तरुण आहात.

खाट वाजली का आत? उठले वाटतं. चला, कागद घ्या — कोरा नाही तो, पण माझी सही त्यावर नाही. बूट बाहेर घाला, आवाज होतो. बाकीच्या दोन यंत्रांसाठीही पट्ट्या हव्यात, असा तुमचा निरोप राजरत्ननं, मस्त बसली म्हणत आला त्याच संध्याकाळी, दिला होता. मी कापून ठेवल्या आहेत, खणात आहेत. हुक लावायचे राहिलेत.