वरच्या मजल्यांचं गाव

(आत्याची अभ्यासाची खोली. टेबलावर छापखान्यातून आलेली मुद्रितं. आत्या हातातली लाल पेन्सिल खाली ठेवत नाही.)

आत्या : म्हणजे वेधशाळेने एका पदव्युत्तर शिक्षण झालेल्या मुलीला ट्रकच्या टपावर चढवलं, हातात काठी दिली आणि विजेच्या तारा उचलायला लावल्या. उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकून होते. तारा हाकतात हे नवीन.

भाची : कोणी चढवलं नाही, मीच चढले. तारा उचलणाऱ्या काकांना वाटेत ताप भरला. उरलो आम्ही दोघं. कप्तान गाडी चालवणार आणि मी वेधशाळेच्या नव्या आरशाची राखण करणार.

आत्या : कप्तान?

भाची : ड्रायव्हर. सगळे त्याला तेच म्हणतात. तो दिवसभरात बोलतो तेवढं तू एका तळटीपेत बोलतेस.

आत्या : तळटीप बोलत नाही, आधार देते. बरं, वेधशाळेत रुजू व्हायच्या आधी तुला कुठेतरी जायचं आहे, असं तू दारातच म्हणालीस. कुठे?

भाची : आधी प्रवास ऐक. आत्ताच सांगितलं तर तू आत्ताच नाही म्हणशील.

आत्या : नकार ज्ञात आहे, प्रश्न मात्र अज्ञात. ठीक आहे. सांग.

भाची : दुर्बिणीचा आरसा आडवा ठेवला तर रस्त्यात मावत नाही. उभा ठेवला तर हमरस्त्यावरच्या पुलांखाली अडकतो. म्हणून उभाच ठेवून जुन्या रस्त्याने निघालो, गावांच्या मधोमध. गाडी इतकी सावकाश की कुत्री भुंकायला यायची आणि कंटाळून परत जायची. मी टपावर आरशाच्या पेटीशेजारी बसलेली, हातात टोकाला बेचकं असलेली सुकी लाकडी काठी. खांबावरून घरात जाणारी तार आली की बेचक्यात घ्यायची, उचलायची, पेटी खालून सरकली की पलीकडे सोडायची. मग पुढचं घर, पुढची तार.

आत्या : आणि या हमालीतून तुला काही दर्शन वगैरे घडलं, असं दिसतं. ‘प्रवासाने दृष्टी विशाल होते’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांतून जन्मभर खोडत आले आहे. हा परिणाम प्रवासाचा असता, तर फिरते विक्रेते सगळे ऋषी झाले असते.

भाची : विशाल नाही झाली. उलट अगदी जवळची झाली. आत्या, वरच्या मजल्यांचं एक वेगळंच गाव असतं. त्या उंचीवरून कोणी जात नाही, म्हणून तिथे पडदे कोणी ओढत नाही. गाडी चालली आहे असं वाटतच नव्हतं. मी जागच्या जागी बसलेली आणि खोल्याच एकामागून एक तरंगत येत होत्या. एक गृहस्थ दाढी करत होते, अर्धा चेहरा फेसात. त्यांनी वस्तऱ्यानेच नमस्कार केला. दोन म्हाताऱ्या उशीचा अभ्रा दोन्हीकडून ओढत भांडत होत्या. मी दिसले तशा थांबल्या, गाडी पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या. एकीने विचारलं, एवढ्या पेटीत काय आहे. आरसा आहे म्हटलं, तर तिने केस सारखे केले.

आत्या : परक्यांच्या खिडक्यांतून डोकावणाऱ्याला पूर्वी चोप मिळायचा. आता त्याला अनुभव म्हणतात.

भाची : मग नदीकाठचं ते गाव आलं.

आत्या : कोणतं?

भाची : ती राहते ते.

आत्या : तुला ठाऊक होतं?

भाची : नकाशा पाहिला तेव्हा कळलं. कप्तानला म्हटलंही, दुसरी वाट नाही का? तो म्हणाला, उंच ओझ्याला वाट निवडता येत नाही.

आत्या : त्या बाईंचा पत्ता तुला कोणी दिला?

भाची : तू. ‘घड्याळजीच्या दुकानावर संसार थाटला आहे बाईंनी’ हे मी कळायला लागल्यापासून ऐकते आहे. त्या बाजारात घड्याळाचं दुकान एकच आहे.

आत्या : आणि मी ते दर वेळी तुच्छतेने म्हटलं, हेही ध्यानात राहिलं असेल.

भाची : राहिलं ना. म्हणून तर इतकी वर्षं एक वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं होतं. मुलगी मागे ठेवून जाणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते. टपावरून, अख्ख्या बाजारासमोर म्हणायचं ठरवलं होतं. खिडकी समोर आली.

आत्या : म्हणालीस?

भाची : ती झोपली होती.

आत्या : झोप हा बचाव होत नाही.

भाची : नाही होत. कुशीवर झोपली होती, एक हात उशीखाली, टाचांना भेगा. चष्मा तसाच, कपाळाकडे सरकलेला. मला नेहमी वाटायचं, ती तिथे हसत बसलेली असेल. माझ्या मनात मी तिला इतक्या वर्षांत एकदाही दमू दिलं नव्हतं. ते वाक्य ठेवायला त्या खोलीत जागाच सापडेना. आणि तेवढ्यात तार आली, तिच्याच घरात जाणारी. वर पंखा फिरत होता. तार ताणली गेली असती, तुटली असती, तर पंखा थांबून ती जागी झाली असती. मी आयुष्यात इतक्या हलक्या हाताने काही उचललेलं नाही. पेटी सरकली. तार सोडली. मागे वळून पाहिलं तर पंखा फिरतच होता. आई जागी झाली नव्हती.

आत्या : आई.

भाची : हो.

आत्या : हा शब्द कोणी उच्चारला की तू खोलीबाहेर जायचीस.

भाची : आज नाही गेले. आता सांगते कुठे जायचं आहे ते. मला तिच्याकडे जायचं आहे. जिन्याने, दार वाजवून.

आत्या : मी तुझ्यासाठी काय केलं ते मांडत नाही, तो दुकानदारी स्वभाव आपल्या घराचा नव्हे. एकच विचारते. तुझ्या प्रत्येक आजारात जागी होते ती मी. तिने काय केलं? पंख्याखाली एक डुलकी काढली, आणि तू विरघळलीस. हा न्याय कोणत्या ग्रंथात आहे?

भाची : कोणत्याच नाही. म्हणून तर तुला सांगायला जीव घाबरत होता. पण तिच्याकडे जाणं म्हणजे तुझ्यापासून जाणं नव्हे.

आत्या : ही घोषणा झाली. युक्तिवाद कुठे आहे?

भाची : युक्तिवाद तुझाच आहे. जे दिसेल ते नोंदवायचं, सोयीचं असो वा नसो. ज्याला हे जमत नाही त्याने दुर्बिणीला डोळा लावू नये. मी पाहिलं, आत्या. आता न पाहिल्यासारखं करून मी त्या डोंगरावरच्या वेधशाळेत कोणत्या तोंडाने जाऊ?

आत्या : स्वतःच्या शिकवणीने हरणं ही शिक्षकाची सर्वांत क्षुद्र शोकांतिका आहे. आणि तू ती उभ्या उभ्या घडवलीस. बस खाली.

भाची : बसले.

आत्या : चष्म्याची काडी वाकली होती का?

भाची : नीट दिसली नाही. का?

आत्या : वाकते. वाचता वाचता झोप लागायची तिला. याच खोलीत. तेव्हा इथे कपाटं नव्हती, खाली एक गादी होती, आणि दुपारभर आम्ही दोघी एकाच पुस्तकाची पानं उलटत पडलेलो असायचो. तिचा डोळा लागला की चष्मा मी काढून ठेवायची. जाग येऊ न देता.

भाची : हे तू कधी बोलली नाहीस.

आत्या : बोलण्यासारखं ते नव्हतं. लोक म्हणतात, ती सोडून गेली. तुझे बाबा तर आधीच वारले होते, आणि तू पाळण्यात, काही कळायचं वय नव्हतं तुझं. तेव्हा कोणाला सोडून गेली, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. विद्वानांनाही नाही.

भाची : माझ्याबरोबर येतेस?

आत्या : मुद्रितं परत पाठवायची आहेत. पानोपानी चुका केल्या आहेत या लोकांनी.

भाची : बरं. मग मी उद्याच निघते.

आत्या : सकाळीच पोच. दुपारी वहिनी झोपते.