मल्हारीचं वकीलपत्र

(औरंगाबाद, १९७१. औरंगपुऱ्यातलं काकासाहेब वकिलांचं घर. त्यांना जाऊन बारा दिवस झालेत. समोरासमोर तिघं : पत्नी भागूबाई, शाळेत शिकवणारी मुलगी आशाबाई, आणि काकासाहेबांच्या हाताखाली तयार झालेले बद्रीनाथ वकील. बद्रीनाथ भाषण वाचून दाखवताहेत.)

बद्रीनाथ : ...आणि अशा शांत, मनमिळाऊ स्वभावामुळे काकासाहेबांना उभ्या आयुष्यात एकही शत्रू नव्हता.

आशाबाई : तेवढं खोडा.

बद्रीनाथ : कोणतं?

आशाबाई : शेवटचं. शत्रू नव्हता म्हणे! मग आमच्या ओट्यावर शेणाच्या पाट्या ओतून गेले ते कोण होते? सोयरे?

भागूबाई : आशे, हळू. माजघरात पाहुणे हायती.

आशाबाई : असू दे. बावीस वर्षं हळूच बोलतोय आपण.

बद्रीनाथ : आशाबाई, शोकसभा आहे ही. संध्याकाळी जज्जसाहेब येणार, सगळी वकील मंडळी येणार. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं बोलावं, अशी रीत आहे.

आशाबाई : चांगलं तेच तर गाळलंय तुम्ही! चार पानं लिहिलीत. त्यांचं उर्दू कसं गोड होतं, पान कसं लावायचे, उलटतपासणीत साक्षीदाराला हसवायचे कसे. सगळं आलं. मल्हारी कुठंय?

बद्रीनाथ : कोण मल्हारी?

भागूबाई : बद्रीनाथ. असं नको करू रं बाबा. ह्या घरचं मीठ खाल्लंय तू.

बद्रीनाथ : ...ते आहे ध्यानात माझ्या, काकू. पण ते कशाला आता? निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतरचे दिवस होते ते. लोकांची डोकी ठिकाणावर नव्हती. जखमा भरल्यात. खपल्या कशाला काढायच्या?

आशाबाई : कुणाच्या जखमा? तुम्हाला कुठं काय लागलं होतं?

बद्रीनाथ : तसं नाही...

आशाबाई : मग कसं? सांगा की. लासूर स्टेशनच्या पलीकडचा एक धनगर. गावातल्या करीम पिंजाऱ्याच्या घराला लोकांनी आग लावली, तेव्हा ह्यानं त्याला, त्याच्या बायकोला, तीन लेकरांना मेंढरांच्या वाड्यात दडवलं. अकरा दिवस. स्वतःची भाकर दिली. त्याचं बक्षीस काय मिळालं? निजामाच्या रझाकारांना आसरा दिला म्हणून बेड्या! कापूस पिंजणारा माणूस रझाकार?

भागूबाई : त्याची मंजुळा आली होती इथं, मल्हारीची बायको. पायी आली लासूरहून. टाचा फुटलेल्या. म्हणली, वकीलसाहेब, चार वकिलांच्या दारात जाऊन आले, कुणी पाणीबी नाय पाजलं.

आशाबाई : आणि त्या दिवशी माझ्या आप्पांच्या शेजारच्या टेबलावर कोण बसलं होतं, बद्रीनाथराव?

बद्रीनाथ : मी बसलो होतो.

आशाबाई : काय म्हणालात तुम्ही?

बद्रीनाथ : बावीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार!

आशाबाई : मला आठवतंय. दाराआड होते मी. तुम्ही म्हणालात, "काकासाहेब, हे वकीलपत्र घेऊ नका, गावातून उठाल." आप्पांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. दौत आपटली त्यांनी. सतरंजीभर शाई झाली. "अरे, ह्यानं माणसं जगवली! ह्याच्यासाठी उभा राहिलो नाही तर हा कोट कशाला घालू? उन्हापासून वाचायला?"

भागूबाई : तो डाग काय निघला नाय. मी लई घासला.

आशाबाई : आणि दुसऱ्या दिवसापासून तुमचं टेबल रिकामं.

बद्रीनाथ : माझ्या वडलांनी...

आशाबाई : तुमच्या वडलांनी निरोप धाडला. आपली सुपारी फुटलेली, पैठणहून साडी आलेली, आठवड्यावर लग्न. आणि निरोप काय? "असल्या घरात सोयरीक नको." तुम्ही स्वतः यायचं होतं! तोंडावर सांगायचं होतं!

भागूबाई : आशे.

आशाबाई : नाही माय, आज बोलू दे. वाण्यानं सामान बंद केलं. पाणक्या येईना. आप्पा स्वतः आडावरून पाणी शेंदायचे आणि मग कोर्टात जायचे. सात महिने! मल्हारी सुटला तेव्हा त्याची मेंढरं कुणीतरी हाकलून नेली होती, पण माणूस सुटला. आणि तुम्ही म्हणता, कोण मल्हारी!

बद्रीनाथ : चुकलो. बस? भ्यालो होतो मी. पंचवीस वर्षांचा होतो. पण तुम्हीही ऐकून घ्या एकदा. पुढं काकासाहेबांनीच मला परत जवळ केलं. भर कोर्टात खांद्यावर हात टाकला. माझ्या पहिल्या मोठ्या मुकदम्यात रात्र-रात्र बसून कायदा समजावला.

आशाबाई : ठाऊक आहे. त्यावरून मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही.

भागूबाई : खरंय. एका ताटात जेवणारी बापलेक. मला टायफॉइड झाला तवा हिच्या वेण्या ह्यांनीच घातल्या, एक वर एक खाली. तसा माणूस. अन् ही महिनाभर तोंड फिरवून. तवा हे मला म्हणायचे, बद्रीनाथला लाज वाटतीय, भागू, वाटू दे थोडी, मग बोलंल तो.

बद्रीनाथ : मी... एक गोष्ट कधी बोललो नाही, काकू. माझाही त्यांच्यावर राग होता. आजही आहे. एका धनगरासाठी त्यांनी पोटच्या मुलीचं आयुष्य पणाला लावलं. तिला न विचारता. काय हक्क होता त्यांना? आशाबाई आज एकट्या आहेत त्या...

आशाबाई : न विचारता? कुणी सांगितलं तुम्हाला?

बद्रीनाथ : म्हणजे?

आशाबाई : नवे मॅजिस्ट्रेट बाहेरून आलेले, त्यांना उर्दू येत नव्हतं. आणि आप्पांचं सगळं शिक्षण उर्दूत. मराठीत चार ओळी लिहिल्या की सहा चुका. मल्हारीच्या जामिनाचा अर्ज कुणी लिहिला असेल?

बद्रीनाथ : ...तुम्ही?

आशाबाई : मी. चुलीसमोर बसून. आप्पा सांगत होते, मी लिहीत होते. दुसऱ्या पानावर ते थांबले. म्हणाले, "आशा, हा कागद कोर्टात गेला की बद्रीनाथच्या घरचे मागं सरतील. तू म्हण, आत्ता चुलीत टाकतो." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

बद्रीनाथ : मग?

आशाबाई : मी म्हटलं, आप्पा, पुढचं वाक्य सांगा.

भागूबाई : मी तिथंच होते. भाकर करपली त्या दिशी.

बद्रीनाथ : मला हे... कुणी सांगितलंच नाही.

आशाबाई : तुम्ही विचारलं कधी?

बद्रीनाथ : नाही.

आशाबाई : कागद का फाडताय? दुसरं लिहायला वेळ नाही आता. चार तर वाजले.

बद्रीनाथ : लिहायचं काय त्यात! असंच सांगतो. मल्हारीचं, मंजुळाबाईंचं. रिकाम्या टेबलाचंही. जज्जसाहेबांसमोर.

आशाबाई : सांगाल?

बद्रीनाथ : जमेल तसं.

भागूबाई : सांगणार आसशील तर मोठ्यानं सांग बाबा. मल्हारी निघलाय लासूरहून. त्याला आताशा कमी ऐकू येतंय.