चुलीभोवतीची जाळी

मेहकरला वेल्डिंगच्या दुकानात मी फाटकाची कडी जोडून घ्यायला थांबलो होतो. माझ्या आधी आलेली बाई वेल्डर भागवतला काम समजावत होती.

"घरातल्या चुलीभोवती बसवाची हाय. तीन बाजूनं, कंबरेएवढी."

"भोकं केवढे ठेवू, वंदनाताई?"

"लेकराचं बोट जाणार नाही एवढे. अन् भिंतीले कड्या लावजा. धरून ओढली तरी पडली नाही पाहिजे."

"चुलीपासून किती दूर?"

"हातभर. जवळ असली तर जाळीच तापते."

"लयच विचार केला तुम्ही."

"चार वर्षं झाले विचार करून. पोरगी भाजली तवाच तिच्या बापाले म्हणलं होतं, जाळी करून आणा. ते म्हणे, भाजायचं ते भाजलं, आता जाळी कायले?"

"मंग आता काऊन?"

"आता पोरगं रांगून राह्यलं. सासूबाईनंच मले पाठोलं."

"पोरगी कशी हाय?"

"उजवी मूठ उघडत नाही तिची. डाव्या हातानं लिहिते."

"बरं. परवा घेऊन जा जाळी."

"परवा नाही, भागवतभाऊ, आजच द्या. तोवर सासूबाईनं त्या पोरीलेच चुलीपुढं बसोलं हाय, भाऊ रांगत आला तर त्याले अडवाले."