दुधाळ ऑइल

या चहाच्या रंगावरून आठवलं. भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये असताना मी जुन्या गाडीला हौसेनं दुसरा कार्बोरेटर बसवला. दुसऱ्याच दिवशी इंजिन ऑइल तपासायची डिपस्टिक काढली, तर ऑइल अस्संच दुधाळ! त्यात कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी, शिरलं होतं. आणि इंदूरला नात्यातली मुंज परवावर आलेली.

शेजारचे तीन इंजिनिअर बॉनेटवर वाकले. "ब्लॉक क्रॅक है, जोशीजी. कबाड़ी को बुलाओ." म्हणजे इंजिनच तडकलंय, गाडी भंगारात!

रोज जेवताना माझ्या कारखान्याच्या कथा ऐकणारी बायको म्हणाली, "कार्बोरेटरसाठी मॅनिफोल्ड खोललंत, मग त्याच्या सांध्यातलं गॅस्केट नवीन लावलंत ना?"

"जुनं चांगलं होतं. धुऊन लावलं."

"कारखान्यात कुणी असं केलं तर?"

मी क्वालिटी इन्स्पेक्टर. तोंडातून निघून गेलं, "जॉब रिजेक्ट!"

पाणी त्या जुन्या गॅस्केटमधूनच झिरपत होतं. नवं बसवलं, ऑइल दोनदा बदललं. मुंजीला वेळेत पोचलो. तेव्हापासून डिपस्टिक बायको बघते, मगच गाडी फाटकाबाहेर पडते.