फुगवट्यावरून आणलेल्या पिशवीबाबत

नाव : गोकुळ सोपानराव जगदाळे, वय २२, शिक्षण नववी, धंदा फुलशेती, रा. खुटबाव, ता. दौंड, जि. पुणे.

आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी आईवडिलांसह राहतो. माझी थोरली बहीण सारिका मांडवगण फराटा येथे दिली आहे. तिचे पती सुमित हे माझे दाजी.

रविवारी सकाळी दाजी व मी भीमेच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामुळे नदीत मागे साठलेल्या पाण्यावर, रोहित पक्षी पाहायला गेलो. दाजींना पक्ष्यांची आवड आहे हे मला त्याआधी माहीत नव्हते. आम्ही पोपटराव यांची होडी केली.

रोहित पक्षी उथळ पाण्यात उभे होते. पोपटराव हात करून दाखवत होते. दाजी मात्र पलीकडच्या पाणकणसांकडे पाहत होते. ते म्हणाले, "मामा, जरा त्या बेटाला लावा. पोट बिघडलंय."

पोपटराव हसले. "पाव्हणं, सासुरवाडीचं जेवान पचंना व्हय?"

दाजी मोकळ्या हाताने उतरले. परत आले तेव्हा त्यांच्याजवळ तोंड बांधलेली गोणपाटाची पिशवी व गुंडाळलेले जाळे होते.

"ह्ये काय आणलं?" पोपटरावांनी विचारले.

"चिलापी हाय, मामा. काल जाळं लावलं व्हतं."

जाळे त्यांनी होडीच्या फळीखाली सरकवले व उतरताना तेथेच राहू दिले. मी आठवण केली, तर "गप चल" म्हणाले.

काठावर पिशवी मी खांद्यावर घेतली. आमच्याकडे जावयाच्या हातात ओझे देत नाहीत. पिशवीतून पाणी गळत नव्हते. ती पाठीला गरम लागत होती. मासळी गरम नसते. तरी ती मी घरापर्यंत नेली.

घरी आईने पिशवी सोडली. आत रानबदके होती. एक जिवंत होते. आई म्हणाली, "जावईबापू, तुमच्या मासळीला पिसं हायती की."

"आत्याबाई, रस्सा तेवढा झणझणीत करा," असे दाजी म्हणाले. जावयाने मागितलेले नाही म्हणत नाहीत. आईने केला. मी ताप आहे असे सांगून जेवलो नाही.

पुढे समजले की, होडीत पिसे अडकलेले जाळे सापडल्याने पोपटरावांना पक्ष्यांच्या शिकारीच्या संशयावरून ताब्यात घेतले आहे व होडी जप्त आहे. त्यांच्या पत्नी सुरेखा घरी आल्या. "तूच व्हतास की रं होडीत," एवढेच म्हणाल्या. आईने दिलेला चहा त्यांनी घेतला नाही.

आज येथे येताना ताई ठाण्याच्या फाटकापाशी थांबलेली होती. तिला सातवा महिना आहे. ती म्हणाली, "गोकुळ, पिशवीत मासळी व्हती, येवढंच म्हण. तुझ्या पाया पडते."

पिशवीत मासळी नव्हती. पिशवी व जाळे दाजींनी आणले. पोपटरावांना मासळी असेच सांगितले होते.

जबाब मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः सावकाश वाचला. सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून सही करतो. ताई अजून फाटकापाशी आहे. मागे दुसरे दार असल्यास मला तिकडून जाऊ द्यावे, ही विनंती.