अंतूरवर मागे राहिलेली जोडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या रविवार पायपीट मंडळाच्या प्रमुख आणि निवृत्त परिचारिका आदरणीय सत्यभामाताई कांबळे. व्यासपीठावर हार सांभाळत अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, अकरा वर्षं आपली बस चालवणारे श्री. मुंजाबा शिंगाडे, त्यांच्या शेजारी बसायला तीनदा नकार देऊन शेवटी पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई, खास देवगाव रंगारीहून आलेले त्यांचे थोरले बंधू कडुबादादा आणि समस्त भावकी, मुकुंदवाडीच्या या विहाराचं सभागृह आपल्याला देणारे विश्वस्त, आणि चहा आधीच मिळालेला असूनही अजून जागेवर बसून असलेल्या माझ्या पायपीटकर बंधू-भगिनींनो, सर्वांना सप्रेम जय भीम आणि नमस्कार.

मी इंद्रजीत साळवे, मंडळाचा चिटणीस. पत्रिकेत माझ्या नावापुढे दहा मिनिटं लिहिली आहेत. मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे दहा मिनिटं म्हणजे किती, हे मला ठाऊक आहे. माझे तीन माजी विद्यार्थी समोर बसलेत, त्यांना मात्र ते पटलेलं दिसत नाही. एकानं आत्ताच घड्याळ बघितलं.

मी चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं. त्यात शरद ऋतूचं वर्णन होतं, पिवळ्या पडलेल्या गवताचं होतं, आणि ‘सारथी’ हा शब्द सात वेळा होता. ते भाषण मी खिशात ठेवतो आहे. कारण सांगतो.

मघाशी आपल्या अतुलनं मानपत्र वाचलं. छान वाचलं, आवाज चांगला आहे. त्यात एक ओळ होती, ‘अंतूरच्या किल्ल्यावर दोन जणींना विसरून आलेले, तरीही आपले लाडके मुंजाबा.’ सगळं सभागृह हसलं. मुंजाबाही हसले. चार वर्षं हा विनोद आपण करतो आणि चार वर्षं ते हसतात. पण मी म्हाळसाबाईंकडे बघत होतो. त्या हसल्या नाहीत.

कार्यक्रमाच्या आधी चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाल्या, “मास्तर, आजच्या दिवस ती अंतूरची गोष्ट काढू नका. आमच्यात एक कोकरू मागं राहिलं तरी माणूस जेवत नाय. ह्यांनी तर दोन बाया मागं सोडल्या. गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायली नाय.” मी विचारलं, मुंजाबा काय म्हणतात? तर म्हणाल्या, “काय म्हणतेत? मी इचारलं तर म्हणले, व्हय, विसरलो.” आणि पुढचं सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली गेला. मुंजाबा आता गाडी सोडून गावी जाणार, घरची मेंढरं सांभाळणार, हे आपण सगळे कौतुकानं बोलतोय. पण कडुबादादा कळप त्यांच्या हाती द्यायला तयार नाहीत. दादांचं म्हणणं, ज्याला बसमधली माणसं ध्यानात राहत नाहीत त्याच्या मागं दीडशे मेंढरं कशी सोडायची?

दादांचं चूक नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून त्यांनी ठरवलं. प्रश्न असा आहे की ते सांगितलं कुणी? थांबा, येतो तिकडेच. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘विषयाला धरून बोलावे’. ताई, मी आज पहिल्यांदाच विषयाला धरून बोलतोय.

नवीन सभासदांसाठी थोडी पार्श्वभूमी. दसरा झाला की दर रविवारी मुकुंदवाडी स्टेशनसमोरून आपली बस सुटते. सहाला सुटते असं पत्रकात असतं, सव्वासातला सुटते असं वास्तवात असतं. म्हैसमाळ, गौताळा, वेताळवाडी, अंतूर. दिवसभर चढायचं, डबे खायचे, संध्याकाळी परत. माणसं चाळीस. आता डोंगरावर माणसं नेणं सोपं, खाली मोजून आणणं अवघड. आधी मी डोकी मोजायचो. पण कुणी एका जागी बसेल तर शपथ! मी पुढून मोजत मागे जायचो, तोवर मागचे खिडकीसाठी पुढे आलेले. एकदा तर बेचाळीस भरले. मी समाधानानं बस सोडली, आणि हतनूरला दोन पाहुणे दारात येऊन म्हणाले, “कंडक्टर, आमचं तिकीट ऱ्हायलं.” एसटी समजून कन्नडला चढले होते बिचारे. आपल्या लोकांनी त्यांना चिवडाही दिला होता.

तेव्हा मी डोकं चालवलं आणि जोडी पद्धत काढली. प्रत्येकाला हंगामभर एक जोडीदार. चाळीस माणसं, वीस जोड्या. बस सुटताना चिटणिसानं फक्त विचारायचं, “कुणाची जोडी राहिली का?” ज्याचा जोडीदार दिसत नसेल त्यानं ओरडायचं. कुणी ओरडलं नाही की चला. मी फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. माझ्या आयुष्यात गणिताला पडलेल्या त्या एकमेव टाळ्या.

आता या पद्धतीत खोट काय? पाचवीतलं पोर सांगेल. जोडीतले दोघंही राहिले तर ओरडायचं कुणी?

मला हे सुचलं नव्हतं. दोन हंगाम काही बिघडलं नाही म्हणून कधी सुचणारही नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी आपण अंतूरला गेलो. सत्यभामाताई आणि बजाजनगरच्या आपल्या निशाताई वाघमारे, ही एक जोडी. किल्ल्याच्या मागच्या अंगाला सीताफळाची झाडं ताईंना दिसली. आता ताई, तुम्ही अध्यक्ष आहात, तुमचा मान राखून बोलतो. पण नियम असा आहे की डोंगरात काही मिळालं तर सगळ्यांनी वाटून खायचं. पिकलेली फळं होती नऊ. चाळीस जणांत नऊ फळं कशी वाटायची, हा खरं तर माझा विषय. दोघींनी तो तिथल्या तिथे सोडवला. बुरुजाआड बसल्या, कुणाला दिसू नये म्हणून चांगल्या आत बसल्या, आणि सावकाश नऊच्या नऊ संपवली. बिया मोजून टाकत होत्या म्हणे.

इकडे आम्ही खाली गावात उभ्या असलेल्या बसमध्ये चढलो. मी विचारलं, “कुणाची जोडी राहिली का?” बसमध्ये शांतता. इतकी शांतता आपल्या बसमध्ये कधी नसते. मला तिचा अभिमान वाटला!

आणि आता जे सांगतो ते मी चार वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. घरीही नाही.

मुंजाबांनी किल्ली फिरवली नाही. त्यांनी वरच्या आरशात बघितलं आणि मला हळूच म्हणाले, “सर, दोन कमी दिसू ऱ्हायले.” मी विचारलं, तुम्ही मोजले? म्हणाले, “मोजले नाय. मेंढरं मोजायची नसत्यात सर, बघायची असत्यात. कमी असलं की कळतं.” मी म्हणालो, आणि हे माझे शब्द आहेत, जसेच्या तसे: “मुंजाबा, तुम्ही गाडी बघा, माणसं मी बघतो.” ते परत म्हणाले, “एकडाव उतरून हाक मारतो.” मी म्हणालो, “पद्धतीत चूक होत नाही. चला.”

त्यांनी गाडी चालू केली. सगळ्या वाटेनं आरशात बघत होते.

कन्नडला चहाला थांबलो. मी मुंजाबांना धरून एक्केचाळीस चहा सांगितले. सगळ्यांना वाटले, दोन उरले. मंडळी, गणिताच्या मास्तरासमोर दोन चहा उरतात! मुंजाबा त्या दोन कपांकडे बघत होते, मग माझ्याकडे बघत होते. मी काय केलं असेल? मी म्हणालो, कुणाचा तरी उपास असेल, आणि ते दोन्ही चहा मी प्यायलो.

वेरूळच्या पुढे आलो तेव्हा माझा फोन वाजला. वर किल्ल्यावर रेंज नसते. या दोघी उतरून पायथ्याच्या वस्तीत आल्या होत्या. ताई नेहमीच्या थंड आवाजात म्हणाल्या, “सर, आम्हाला आज जरा उशीर होईल असं दिसतंय.” मला वाटलं, ताई मागच्या सीटवरूनच बोलतायत. मी मागे वळून बघितलं. मागची सीट रिकामी होती. मुंजाबांनी पुढे जागा बघून गाडी वळवली आणि आल्या वाटेनं निघाले.

दिवेलागणीला पोचलो तर दोघी एका अंगणात बाजेवर बसून भाकरी-ठेचा खात होत्या. निशाताई म्हणाल्या, जेवण झाल्याशिवाय उठणार नाही. आम्ही अडतीस जण उपाशी, रांगेत उभे राहून त्यांचं जेवण बघत होतो. पण मुंजाबा काय करत होते ते त्या गडबडीत कुणी पाहिलं नाही. ते बसच्या पायरीवर बसले होते आणि टॉवेलनं डोळे पुसत होते. मी विचारलं, तर म्हणाले, “काय नाय सर. घावली ना, बस.”

पुढच्या शनिवारी बैठक झाली. घरची मंडळी चिडलेली. निशाताईंचे यजमान तर काठी घेऊन आले होते, गुडघ्यासाठी असली तरी काठी ती काठीच. सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, चूक कुणाची? मी उठलो. खरं सांगतो, खरं सांगायलाच उठलो होतो. पण समोर माझ्याच शाळेतले पालक बसलेले. तोंडातून निघालं, “गाडी जरा घाईनं निघाली.” एवढंच म्हणालो मी, ‘गाडी’. पुढचं लोकांनी केलं. सगळ्या माना मुंजाबांकडे वळल्या, आणि मुंजाबा म्हणाले, “व्हय, माझ्याकडून घाई झाली.”

बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम चिटणिसाचं. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘चालकाच्या घाईमुळे दोन सभासद मागे राहिले.’ शिवाय ठराव झाला की यापुढे चिटणिसानं शिट्टी मारल्याशिवाय चालकानं गाडी हलवायची नाही. म्हणजे गेली चार वर्षं चूक करणारा शिट्टी वाजवतोय आणि बरोबर असणारा ती ऐकतोय.

बैठक संपल्यावर मी त्यांना बाहेर गाठलं. विचारलं, तुम्ही असं का म्हणालात? ते म्हणाले, “सर, तुम्ही पोरायला गणित शिकवता. त्यायला कळलं मास्तरला माणसं मोजता येत नाय, तर उद्या वर्गात कोण ऐकंल? आन डायवरला काय, लोक बोलतच असत्यात. त्यानं काय फरक पडतो?” तेव्हा मी काय करायला हवं होतं? परत आत जायला हवं होतं. मी गेलो नाही. मला हायसं वाटलं. लाज वाटली ती नंतर, आणि ती अजून गेलेली नाही.

फरक काय पडला, ते मला आज कळलं, चहाच्या टेबलापाशी. मला वाटत होतं मी एक ओळ लिहिली. त्या ओळीमुळे एक माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या भावासमोर चार वर्षं खाली मान घालून बसतोय, आणि बायकोलाही सांगत नाही, कारण माझी इज्जत जाईल. मुंजाबा, अहो, एवढी काही मोठी इज्जत नव्हती माझी.

मुंजाबा, खाली बसा. उठू नका. हात कशाला हलवताय? “सर, जाऊ द्या” म्हणतायत. नाही जाऊ देणार. इतके दिवस जाऊ दिलं तेच चुकलं.

इतिवृत्ताची वही चिटणिसाकडेच असते, ती माझ्या पिशवीत आहे. जुनी ओळ मी खोडत नाही. खाली दुरुस्ती लिहितो. अध्यक्षांची परवानगी हवी. ताईंनी मान हलवली. सीताफळांचा उल्लेख गाळणार असेन तर परवानगी, असं त्या म्हणतायत. गाळतो. अनुमोदन? निशाताईंचा हात वर आहे. दोघींचं एकमत झालं, जोडी अजून शाबूत आहे.

लिहितो आहे. जरा थांबा. हं, वाचतो: ‘अंतूर सहलीत दोन सभासद मागे राहिले ते चिटणीस इंद्रजीत साळवे यांच्या हट्टामुळे. दोघी कमी आहेत, हे चालक मुंजाबा शिंगाडे यांनी गाडी सुटण्याआधीच दोनदा सांगितलं होतं. चिटणिसांनी ऐकलं नाही.’ खाली माझी सही.

आता आभार. ताई, भर सभेत तुमची फळं काढली तरी मला बोलू दिलंत, तुमचे आभार. विहाराच्या विश्वस्तांचे आभार. अतुल, मानपत्रातली ती ओळ आज संध्याकाळपर्यंत बदलून आण, तुझे आगाऊ आभार. भाषणात काही उणंअधिक बोललो असेन तर श्रोत्यांनी पोटात घालावं. लिहिण्यात जे उणं केलं त्याची माफी मात्र मी मुंजाबांकडे आणि म्हाळसाबाईंकडे हात जोडून मागतो. मी तुमची मान चार वर्षं…

हो? काय म्हणता, म्हाळसाबाई? उभ्या राहून बोला, इथपर्यंत येत नाही. “मास्तर, परत एकडाव वाचा, मोठ्यानं. आमच्या भाऊजींना कमी ऐकू येतं, आन मागची भावकी गप्पा मारू ऱ्हायली.”

वाचतो. माईक जवळ घेतो. कडुबादादा, इकडे बघा. मागच्या रांगेनं शांत राहावं. ‘दोघी कमी आहेत, हे चालक मुंजाबा शिंगाडे यांनी गाडी सुटण्याआधीच दोनदा सांगितलं होतं.’ आलं ऐकू? दोनदा!

कडुबादादा उठले. बोला दादा.

“मेंढरं सोमवारपासून त्याच्याकडं.”