बाबांचा सर्वांत वरचा शेरा

तुम्ही हसाल, पण एका ईमेलसाठी मी अख्खी दुपार घालवली होती. आमचं पहिलं सॉफ्टवेअर चांगलं जमलंय, हे अमेरिकेतल्या साहेबाला कळवायचं होतं. ‘गुड इनफ’, ‘अप टू द मार्क’ की ‘सॅटिसफॅक्टरी’? कर्वेनगरच्या गॅलरीत ढगांकडे बघत मी शब्द घोळवत बसलो.

बाबा इंग्रजीचे मास्तर. म्हणाले, “सॅटिसफॅक्टरी. याहून वरचा शेरा मी कुणाला दिलेला नाही.”

तेच लिहिलं. साहेबाचा घाबरून फोन, “काय बिघडलंय?”

बाबांना सांगितलं, तर तेही ढगांत हरवले. “तुझ्या आईला बघून आलो, तेव्हा घरी हेच सांगितलं होतं.”

आतून आई म्हणाली, “आमटीलाही हेच म्हणतात. तीस वर्षं मी चाखून बघतेय, काय बिघडलंय!”